पत्रे उडाले, घरात पाणी शिरलं: विम्याचा क्लेम करताना घरमालकाचे हक्क कोणते आणि ते कसे मागायचे

कोल्हापुरात घरांचं नुकसान दोन हंगामांत होतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी आभाळ भरून येतं, वळीव सुटतो आणि बघता बघता पत्रे, कौलं, पाण्याच्या टाक्या, सोलर पॅनेल खाली येतात. जुलै-ऑगस्टमध्ये राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की गावभर एकच प्रश्न असतो, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला किती फूट झालं? ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ मध्ये पुन्हा पन्नाशी ओलांडली. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरी कुंभार गल्ली, बापट कॅम्प, नागाळा पार्क, पलीकडे चिखली-आंबेवाडी, खाली शिरोळ तालुका, इथल्या लोकांना हे आकडे पाठ आहेत.

घराचा विमा काढलेली माणसं आधीच कमी. ज्यांनी काढला आहे, त्यांतले बरेचजण क्लेमच्या वेळी कंपनीकडे उपकार मागायला गेल्यासारखे जातात. नुकसान मोजायला येणारा सर्व्हेअर कधी येईल ते विचारत नाहीत, पैसे का कापले ते विचारत नाहीत, पुढे केलेल्या कागदावर सही करून येतात. खरं तर कंपनीला प्रत्येक टप्प्यासाठी मुदत ठरवून दिलेली आहे. ती पाळली गेली नाही तर जाब विचारता येतो. मात्र विचारलेलं लेखी असावं लागतं.

आधी बघा, तुमच्याकडे नक्की कोणता विमा आहे

गृहकर्ज घेतलेल्या अनेकांना वाटतं की "बँकेनं विमा काढलाय, काही काळजी नाही." तो विमा कसला आहे ते बघा. बऱ्याचदा तो कर्जदाराच्या जीवाचा असतो. कर्जदाराचं बरं-वाईट झालं तर कर्ज फिटतं, पण छप्पर उडालं तर त्यातून दमडी मिळत नाही. उलट काही घरांचा खरोखर मालमत्ता विमा असतो, हप्ताही कर्जातून गेलेला असतो, पण पॉलिसी बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या फाइलमध्ये पडून असते आणि घरच्यांना पत्ताच नसतो. कर्जाच्या खात्याचा उतारा काढा. त्यात विम्याच्या हप्त्याची नोंद दिसली तर पॉलिसीची प्रत लेखी मागा. हप्ता तुमच्या खिशातून गेला असेल तर प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे.

१ एप्रिल २०२१ पासून प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. नाव कंपनीचं, पण मूळ अटी सगळीकडे सारख्या. आग, भूकंप, वीज पडणं, वादळ, पूर आणि पाणी साचणं, दरड, घरावर झाड कोसळणं, पाण्याची टाकी फुटणं, हे सगळं त्यात येतं. घर म्हणजे फक्त चार भिंती नव्हेत. कंपाउंडची भिंत, गेट, गॅरेज, पाण्याची टाकी, सोलर पॅनेल हेही इमारतीतच धरतात. वळवानं नुसती कंपाउंडची भिंत पडली तरी क्लेम होऊ शकतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

विम्याची रक्कम घराच्या बाजारभावावर ठरत नाही. चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकामाचा दर, असा तो हिशेब आहे. जागेची किंमत त्यात नाही, कारण जागा वाहून जात नाही. समजा घर ८०० चौरस फूट आहे आणि बांधकामाचा दर चौरस फुटाला २,००० रुपये धरला, तर इमारतीचा विमा १६ लाखांचा होतो. इमारतीचा विमा असला की त्याच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानाला आपोआप संरक्षण मिळतं. वरच्या उदाहरणात ते ३ लाख २० हजार झालं. फ्रिज, टीव्ही, कपाटं, गाद्या, भांडी त्यात आली. सामान यापेक्षा जास्त किमतीचं असेल तर यादी देऊन विमा वाढवून घ्यायचा. दागिने मात्र यात धरत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

या पॉलिसीचा सगळ्यात मोठा फायदा कमी विम्याच्या कपातीबाबत आहे. जुन्या पद्धतीत २० लाखांच्या घराचा १० लाखांचाच विमा असला आणि नुकसान ४ लाखांचं झालं, तर कंपनी म्हणायची की तुम्ही निम्माच विमा काढलाय, निम्मेच घ्या. हातात २ लाख पडायचे. 'गृह रक्षा'मध्ये ही कपात माफ आहे. घराचं क्षेत्रफळ आणि बांधकामाची माहिती तुम्ही खरी दिलेली असली पाहिजे, एवढीच अट. तुमच्या क्लेममध्ये कुणी अशी कपात दाखवली तर पॉलिसीचं नाव बघून तिथंच हरकत घ्या.

आता काय मिळत नाही ते. वर्षानुवर्षांची ओल, झिज, हळूहळू होणारी गळती यांचे पैसे मिळत नाहीत. लाइट जाऊन-येऊन, व्होल्टेज वाढून फ्रिजची मोटर जळली तर ते नुकसान बाहेर, पण तोच फ्रिज पुराच्या पाण्यानं खराब झाला तर ते आत. म्हणून कारण काय लिहिलं जातंय याकडे लक्ष ठेवा. आणि कुंभार गल्ली, बापट कॅम्पमधल्या घरांसाठी एक गोष्ट फार जीव तोडून सांगावीशी वाटते. पूर येतो तो नेमका गणेशोत्सवाच्या तोंडावर, घरं मूर्तींनी भरलेली असताना. त्या मूर्ती घरातलं सामान ठरत नाहीत, तो धंद्याचा माल आहे. त्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही वेगळी पॉलिसी असते. घरात चपला शिवणारे, चांदीकाम करणारे, खाली दुकान आणि वर घर असणारे, सगळ्यांना हे लागू आहे.

अर्ज एजंटनं भरला असेल तर त्याची प्रत मागून वाचा. आधी पूर आला होता का, घर पूररेषेत आहे का, छप्पर कशाचं आहे, असे प्रश्न असतील तर खरीच उत्तरं हवीत. तिथं "नाही" लिहिलं गेलं असेल तर नंतर तेच कंपनीच्या हातात सापडतं.

पहिले दोन दिवस

माझ्या मते निम्मा क्लेम इथंच ठरतो.

पाणी ओसरलं की आपण खराटा आणि पाइप घेऊन गाळ काढायला लागतो. वास सुटलेला असतो, लेकरंबाळं आत यायची असतात, त्यामुळे ते साहजिक आहे. पण त्याआधी अर्धा तास फोटोंसाठी द्या. घराचा बाहेरून पूर्ण फोटो काढा, शेजारच्या घरांसकट. गल्लीभर नुकसान झालेलं दिसलं की वादळ किंवा पूर खरा होता हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. मग एकेक खोली. भिंतीवर गाळाची रेघ उमटलेली असते, तिथं मोजपट्टी लावून फोटो घ्या, म्हणजे पाणी जमिनीपासून किती वर होतं ते दिसेल. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही यांच्या मागच्या पट्टीवर मॉडेल आणि क्रमांक असतो, त्याचा जवळून फोटो. झाड पडलं असेल तर ते तोडण्यापूर्वी फोटो काढा आणि महापालिकेचं अग्निशमन दल आलं असेल तर त्यांच्याकडून नोंदीचा दाखला मागा. मूळ फोटो फोनमधून पुसू नका, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या प्रतीत तारीख-वेळ राहत नाही.

नुकसान वाढू न देणं ही तुमची जबाबदारी आहे. उघड्या छपरावर ताडपत्री टाका, सामान कोरड्या जागी हलवा. ताडपत्रीची, मजुरीची पावती ठेवा. पक्की दुरुस्ती मात्र सर्व्हेअरनं बघितल्याशिवाय करू नका. खराब झालेलं सामानही शक्यतो टाकू नका, कारण ते बघण्याचा कंपनीला हक्क आहे. कुजलेल्या गाद्या, धान्य ठेवणं शक्यच नसेल तर फोटो काढा, यादी करा आणि "आरोग्याच्या कारणासाठी आज हे सामान टाकत आहोत" असा ईमेल कंपनीला करून मगच टाका.

तलाठ्यांकडून पंचनामा करून घ्याच. सरकारी मदत आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांनुसार सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार, किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये असे दर ठरवले होते. ६,५०० रुपयांत पत्र्यांचीही भरपाई होत नाही, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. पण पंचनाम्याची प्रत विम्याच्या फाइलमध्ये वजनदार पुरावा ठरते. तलाठी, ग्रामपंचायतीचे अधिकारी, पंच यांच्या सह्यांखाली तारीख आणि नुकसान लिहिलेलं असतं. त्यात "अंशतः नुकसान" एवढंच न लिहिता किती पत्रे, कोणती भिंत, किती फूट पाणी हे लिहायची विनंती करा.

घर रिकामं ठेवून पाहुण्यांकडे किंवा निवारा केंद्रात गेला असाल आणि मागे चोरी झाली असेल, तर तेही या पॉलिसीत येतं. फक्त चोरी त्या आपत्तीपासून सात दिवसांच्या आत झालेली हवी आणि पोलिसांत फिर्याद हवी.

कंपनीला कळवायचं ते लेखीच

टोल-फ्री क्रमांकावर फोन करून क्लेम नंबर घ्या. त्यावर थांबू नका, त्याच दिवशी ईमेलही करा. एजंटला सांगितलं म्हणजे कंपनीला कळवलं असं धरून चालू नका. मजकूर साधा असला तरी चालतो:

"माझी घराची पॉलिसी क्र. ____ आहे. दि. ____ रोजी दुपारी ____ च्या सुमारास वादळी पावसाने / पुराच्या पाण्याने (पत्ता ____ येथील) माझ्या घराचे नुकसान झाले आहे. छप्पर, ____ आणि घरातील ____ या वस्तू खराब झाल्या आहेत. फोटो सोबत जोडले आहेत. कृपया क्लेम नोंदवून सर्व्हेअर नेमावा आणि त्यांचे नाव, परवाना क्रमांक व फोन मला कळवावा. पुढील नुकसान टाळण्यासाठी तात्पुरती ताडपत्री टाकली आहे."

क्लेमचा फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. पुरात अडकल्यामुळे, फोन-लाइट बंद असल्यामुळे उशीर झाला तर कारण लिहा. खऱ्या क्लेमला केवळ उशिराचं निमित्त करून नकार देऊ नये, असं विमा नियामकानं, म्हणजे इर्डाईनं, २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना सांगितलं आहे. सर्वोच्च न्यायालयानंही २०१७ मध्ये ओमप्रकाश विरुद्ध रिलायन्स जनरल इन्शुरन्स या खटल्यात हीच भूमिका घेतली. ते प्रकरण ट्रकचोरीचं होतं, पण तत्त्व इथंही कामाला येतं.

आता कंपनीची मुदत. इर्डाईच्या जून २०२४ च्या मुख्य परिपत्रकानुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमला पाहिजे. नेमल्यापासून १५ दिवसांत त्यानं अहवाल दिला पाहिजे आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीनं निर्णय घेतला पाहिजे. अहवाल वेळेत मिळवणं ही जबाबदारी कंपनीची, तुमची नाही. "सर्व्हेअरचा रिपोर्टच आला नाही" हे उत्तर मिळालं तर हे वाक्य ईमेलमध्ये लिहून पाठवा. या तारखा घरातल्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा.

सर्व्हेअर घरी येतो तेव्हा

सर्व्हेअरकडे इर्डाईचा परवाना असतो आणि त्याची फी कंपनी देते. तुमच्याकडून त्यानं एक रुपयाही मागायचा नाही. त्याच्याशी अदबीनं वागा, चहा-पाणी विचारा, पण सगळं स्वतः फिरून दाखवा. माळ्यावरचं, गच्चीवरचं, मागच्या परसातलं नुकसान त्यानं आपणहून बघितलं असेल असं गृहीत धरू नका. काय काय दाखवलं याची यादी त्याच संध्याकाळी ईमेलनं त्याला आणि कंपनीला पाठवा.

मिस्त्रीकडून अंदाजपत्रक घेताना "छप्पर दुरुस्ती एकूण दोन लाख" असं एका ओळीत आणू नका, त्याला सर्रास कात्री लागते. जुने पत्रे उतरवण्याची मजुरी, नवे पत्रे किती आणि कोणत्या मापाचे, अँगल, हूक, गिलावा किती चौरस फूट, वायरिंग, रंग, असं ओळवार हवं. मलबा उचलण्याचा खर्च मंजूर क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत आणि वास्तुविशारद किंवा इंजिनिअरची फी ५ टक्क्यांपर्यंत वेगळी मिळते. घर राहण्यालायक उरलं नसेल तर दुसरीकडे राहण्याचं भाडंही पॉलिसीत आहे. घर राहण्यायोग्य नाही असा इंजिनिअरचा किंवा महापालिका-ग्रामपंचायतीचा दाखला आणि भाड्याच्या पावत्या जपा. हे तीन खर्च मागितल्याशिवाय कुणी आठवण करून देत नाही.

सर्व्हे अहवालाची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे. लेखी मागा आणि ओळ न् ओळ वाचा.

कागदच वाहून गेले असतील तर

पुरात कपाटासकट कागद भिजतात आणि मग "बिलं नाहीत, क्लेम होणार नाही" असं ऐकवलं जातं. २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे की कागदपत्रं नाहीत एवढ्या कारणानं क्लेम नाकारता येत नाही. आवश्यक कागद कंपनीनं विमा देतानाच मागायला हवेत, आणि क्लेमच्या वेळी फक्त थेट संबंधित असलेलेच. तरीही पर्यायी पुरावा जमवणं शहाणपणाचं. हप्त्यावर टीव्ही घेतला असेल तर बँकेचा उतारा, दुकानदाराकडची बिलाची दुसरी प्रत, घरातल्या बारशा-वाढदिवसाच्या फोटोत मागे दिसणारं कपाट आणि फ्रिज, सगळं चालतं. पॉलिसीची प्रत कंपनीकडून ईमेलवर पुन्हा मागता येते. मालकीसाठी प्रॉपर्टी कार्ड, घरफाळ्याची पावती, गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. पूर किंवा वादळ झालं याचा पुरावा म्हणून त्या दिवसाच्या वर्तमानपत्रांची कात्रणं आणि पंचगंगेच्या पातळीबद्दल जिल्हा प्रशासनानं काढलेलं पत्रक जोडा. शिवाजी पुलाची मच्छिंद्री झाली होती, म्हणजे पुलावरच्या ठरलेल्या खुणेपर्यंत पाणी चढलं होतं, हे कोल्हापुरात सांगावं लागत नाही, पण क्लेमची फाइल बघणारा अधिकारी दुसऱ्या शहरात बसलेला असतो.

पैसे कमी आले किंवा नकार आला

नकार किंवा कपात आली तर कारण पॉलिसीच्या कलमासह लेखी मागा. हे महत्त्वाचं आहे, कारण नकाराच्या पत्रात नसलेली नवी कारणं कंपनीला नंतर न्यायालयात काढता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणातला निकाल आहे. फोनवर सांगितलेल्या कारणाला काही अर्थ नसतो.

वळवाच्या क्लेममध्ये हमखास येणारं कारण म्हणजे "छप्पर जुनंच होतं, जीर्ण झालं होतं." उत्तर पुराव्यानं द्या: मागच्या वर्षी कौलं चाळल्याची किंवा पत्रे बदलल्याची पावती, पावसाळ्यापूर्वीचे फोटो, शेजारची नवी छपरंही उडाल्याचे फोटो. छप्पर जुनं असणं आणि ते वाऱ्यानं उडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दरवर्षी मार्चमध्ये घराचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा, या एका वादात तो सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

सर्व्हेअरचा आकडा म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीपकुमार या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तसं स्पष्ट म्हटलं आहे. पण "मला कमी वाटतं" यानं काही होत नाही. दुसऱ्या इंजिनिअरचा अंदाज घ्या आणि कोणत्या ओळीत किती फरक आहे ते दाखवा.

मग येतं डिस्चार्ज व्हाउचर, "पूर्ण व अंतिम मोबदला मिळाला" असं लिहिलेला कागद. पुरानंतर घरात पैशाची निकड असते, त्यामुळे माणूस सही करतो. सही करण्याआधी किंवा त्याच दिवशी ईमेल करा: "ही रक्कम मी हक्क राखून स्वीकारत आहे, उर्वरित रकमेबाबत माझी हरकत कायम आहे." अशा सहीमुळे ग्राहकाचा दाद मागायचा हक्क संपत नाही, असं इर्डाईनं २०१५ मध्ये कंपन्यांना कळवलं आहे. तरी दडपणाखाली सही घेतली हे नंतर सिद्ध करणं अवघड जातं. ईमेल त्याच वेळी केलेला असला की ती अडचण राहत नाही.

निर्णय मुदतीपलीकडे लांबला तर बँक दरापेक्षा, म्हणजे रिझर्व्ह बँकेनं ठरवलेल्या दरापेक्षा, २ टक्के जास्त दरानं व्याज मिळायला हवं. तेही पत्रात मागा.

दाद कुठे मागायची

पहिली पायरी कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. त्याचा ईमेल पॉलिसीवर असतो. सोबतच इर्डाईच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा, म्हणजे कंपनीच्या उत्तरावर नियामकाची नजर राहते.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. कोल्हापूर पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतं. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथं चालतात, फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना वकील चालतच नाही. तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओवर होऊ शकते. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जायला हवं. लोकपालांचा निवाडा कंपनीला बंधनकारक असतो, तुम्हाला नाही. तो पटला नाही तर पुढे जायची वाट मोकळी राहते.

ती पुढची वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. कोल्हापुरात राहणाऱ्याला कंपनीचं कार्यालय मुंबईत असलं तरी इथंच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं. आयोगाची हद्द तुम्ही भरलेल्या रकमेवर, म्हणजे हप्त्यावर, ठरते, त्यामुळे घराच्या विम्याची प्रकरणं जिल्ह्यातच बसतात आणि हप्ता ५ लाखांच्या आत असल्यानं फीही पडत नाही. नुकसानीसोबत व्याज, मानसिक त्रास आणि खर्चही मागता येतो. आयोगात एकदा प्रकरण दाखल झालं की त्याच विषयावर लोकपालांकडे जाता येत नाही. म्हणून कागद नीट असतील आणि वाद फक्त रकमेचा असेल तर मी आधी लोकपालच सुचवेन. फसवणुकीचा, बनावट सहीचा, साक्षीपुराव्याचा वाद असेल तर आयोग बरा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतून प्राथमिक सल्ला मिळतो.

घरावर कर्ज असेल तर मंजूर झालेली रक्कम कंपनी बँकेकडे पाठवू शकते, कारण पॉलिसीवर बँकेचं नाव असतं. तसं होण्याआधीच शाखेत अर्ज द्या की ही रक्कम कर्जखात्यात न वळवता दुरुस्तीसाठी सोडावी, सोबत मिस्त्रीचं अंदाजपत्रक जोडा आणि अर्जावर पोच घ्या. क्लेम मिळाल्यावर विम्याची रक्कम पुन्हा पूर्ववत होते आणि त्यासाठी उरलेल्या काळापुरता थोडा हप्ता द्यावा लागतो. वळवात क्लेम घेतला असेल तर हे जूनच्या आत कंपनीकडून लेखी तपासून घ्या, कारण पंचगंगेचं पाणी त्यानंतर यायचं असतं.